आजारी मांजर मुलाला चावलं तर: नळापासून शेवटच्या डोसपर्यंत

माझा भाचा पाच वर्षांचा असताना जिन्याखाली पडून राहिलेल्या एका मांजराच्या अंगावर रुमाल घालायला गेला. त्याला थंडी वाजत असेल असं याला वाटलं. मांजर दोन दिवस काही खात नव्हतं, तोंडातून लाळ गळत होती, हाक मारली तरी मान वर करत नव्हतं. रुमाल अंगावर पडताच ते उसळलं आणि हाताला चावून पळालं. घरी येऊन पठ्ठ्या काही बोललाच नाही, कारण त्या मांजराच्या जवळ जायचं नाही असं त्याला बजावलेलं होतं. संध्याकाळी हात धुताना "साबण झोंबतोय" म्हणाला, तेव्हा बहिणीने नीट पाहिलं. अंगठ्याच्या बुडाशी दोन ठिपके होते, टाचणीने टोचावं एवढे. हात सैल असताना दिसतसुद्धा नव्हते. अंगठा मागे ओढला की कातडी ताणून ते उघडत.

"ताई, रक्तपण नाही आलं गं. सकाळी दाखवू का?"

तिला फोनवर जे सांगितलं आणि पुढच्या महिनाभरात डॉक्टरांना विचारून विचारून जे कळलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मुलाला आत्ताच चावलं असेल तर पुढचा परिच्छेद सोडा, आधी नळावर जा.

सकाळपर्यंत का थांबायचं नाही, एवढं मात्र समजून घ्यायला हवं. रेबीजचा विषाणू जनावराच्या लाळेतून जखमेत येतो. तो रक्तातून फिरत नाही. चावलेल्या जागी काही काळ राहतो, मग तिथल्या मज्जातंतूत शिरतो आणि हळूहळू मज्जारज्जूकडे, तिथून मेंदूकडे सरकतो. लक्षणं दिसायला साधारण २ ते ३ महिने लागतात, पण हा काळ एका आठवड्याइतका कमी किंवा वर्षभराइतका लांबही असू शकतो. चावा मेंदूच्या जितका जवळ, म्हणजे चेहरा, डोकं, मान, तितका वेळ कमी. आणि मुलांची उंची कमी असल्यामुळे त्यांना नेमकं तिथेच चावलं जातं. हाताच्या बोटांतही मज्जातंतू दाट असतात. एकदा लक्षणं सुरू झाली की रुग्ण वाचत नाही असंच धरून चालावं लागतं. त्याआधी वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळाले तर हाच आजार जवळपास हमखास टाळता येतो. असं दुसऱ्या फारशा आजारांबद्दल म्हणता येत नाही.

पहिली पंधरा मिनिटं

जखम वाहत्या पाण्याखाली धरा, साबण लावा आणि घड्याळ लावून १५ मिनिटं धुवा. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो. म्हणून साबण कुठलाही चालतो, अंगाचा, कपड्यांचा, भांड्यांचा. जंतुनाशक साबण शोधत बसू नका. पाणी कोमट केलं तर मूल जास्त वेळ हात धरू देतं.

पंधरा मिनिटं बोलायला सोपी आहेत. पाच वर्षांच्या मुलाला नळाखाली धरून ठेवताना तिसऱ्या मिनिटालाच धीर संपतो. बहिणीने त्याला बादलीवर बसवलं, मोबाइलवर टायमर लावला आणि साबणाचे फुगे करायला दिले. दर दोन मिनिटांनी नवा फेस, मग धार, मग पुन्हा फेस. मांजराच्या चाव्यात भोक वरून बारीक आणि आत खोल असतं, म्हणून अंगठा हलकेच मागे ओढून भोक उघडं ठेवायचं आणि धार थेट तिथे पडू द्यायची. भांड्यात हात बुडवून ठेवणं पुरेसं नाही, आणि ब्रशने खरवडणंही नको. जखम दाबून, पिळून रक्त काढू नका. तोंडाने तर अजिबात चोखू नका. रक्त भळाभळा वाहत असेल तर मात्र आधी स्वच्छ कापडाने दाबून ते थांबवा.

लाळ डोळ्यात उडाली असेल तर साबण नको, नुसत्या स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुवा. तोंडात गेली असेल तर चुळा भरायला लावा.

धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडीन किंवा स्पिरिट लावा. ते घरात नसेल तर त्यासाठी अडून राहू नका, धुणं झालंय हे मोठं काम आहे. चुना, तेल, कसलीही पूड, झाडपाल्याचा रस यातलं काहीही लावू नका. त्याने कातडी भाजते आणि विषाणू आतल्या तंतूंपर्यंत ढकलला जातो. पट्टी घट्ट बांधू नका. जखम उघडी राहिली तरी चालेल.

चावून सहा तास झाले असतील, तरीही धुवाच. आमच्याकडे तेच झालं होतं.

जखम किती गंभीर आहे

डॉक्टर जागतिक आरोग्य संघटनेच्या तीन वर्गांप्रमाणे ठरवतात. जनावराला नुसता हात लावला, खायला घातलं किंवा धडधाकट कातडीला त्याने चाटलं, तर तो पहिला वर्ग. हकिगत खात्रीची असेल तर यात रेबीजची लस लागत नाही. उघड्या कातडीला दात नुसते घासले, किंवा रक्त न येता ओरखडा उठला, तर दुसरा वर्ग. यात लस लागते. दात किंवा नख कातडीच्या आरपार गेलं, लाळ डोळ्यात, तोंडात किंवा आधीच्या जखमेवर लागली, तर तिसरा वर्ग. यात लस आणि सिरम, म्हणजे जखमेतच सोडायचं विषाणूला अडवणारं औषध, दोन्ही.

मांजराच्या बाबतीत इथेच फसगत होते. कुत्रा चावला की मांस फाटतं, सगळे घाबरतात, धावाधाव होते. मांजराचे सुळे सुईसारखे. रक्ताचा एखादा थेंब येतो, कधी तोही नाही, आणि भोक लगेच मिटतं. 'रक्त आलं नाही' यावरून दुसरा वर्ग ठरवू नका; दात आत गेला का, हे बघा. खात्री नसेल तर त्या जागेवर थोडं स्पिरिट लावून पाहतात, झणझणलं तर कातडी फुटलेली आहे. शंका राहिलीच तर वरचा वर्ग धरायचा.

बोचकारणंही सोडून देऊ नका. मांजर पंजे चाटतं, त्यामुळे नखांवर लाळ असू शकते.

मूल लहान असेल तर सगळे कपडे काढून उजेडात तपासा. कानामागे, केसांत, पोटऱ्यांवर बघा. आणि विचारताना आवाज चढवू नका. "तू चुकलास का" यापेक्षा "मांजराने अजून कुठे कुठे हात लावला" असं विचारलं की मूल बोलतं. भाच्याने असं विचारल्यावरच सांगितलं की मनगटालाही नख लागलंय.

दवाखान्यात: इंजेक्शन झालं, पण कसलं?

बहीण त्याच रात्री जवळच्या एका दवाखान्यात गेली. तिथे जखम पाहून एक इंजेक्शन दिलं आणि "एवढ्याशा जखमेला काही होत नाही" म्हणून परत पाठवलं. मी चिठ्ठी वाचून दाखवायला सांगितली. इंजेक्शन धनुर्वाताचं होतं.

धनुर्वाताची लस हवीच, पण तिचा रेबीजशी काहीही संबंध नाही. 'चावल्यावरचं इंजेक्शन घेतलं' या एका वाक्याखाली तीन वेगळ्या गोष्टी लपतात: धनुर्वाताची लस, रेबीजची लस आणि रेबीजचं सिरम. घरी निघण्याआधी तिन्हींबद्दल वेगवेगळं विचारा आणि कागदावर लिहून घ्या. रेबीजची लस पुष्कळ ठिकाणी मिळते, सिरम मात्र बहुधा मोठ्या रुग्णालयातच असतं. त्यामुळे निघण्याआधी फोन करून "रेबीजची लस आणि सिरम दोन्ही आहे का" असं विचारलेलं बरं.

डॉक्टरांना पहिल्या दोन वाक्यांत हे सांगा: कधी चावलं, कुठे कुठे चावलं, मांजर आजारी होतं आणि आता ते कुठे आहे. मग मुलाचं वजन, आधी रेबीजची लस घेतली आहे का, धनुर्वाताचा शेवटचा डोस कधी झाला, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का. मूल स्टेरॉइडसारखी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेत असेल तर तेही आठवणीने सांगा. अशा मुलांना दुसऱ्या वर्गाच्या जखमेलाही सिरम देतात.

जखमेला शक्यतो टाके घालत नाहीत. चेहऱ्यावर मोठी जखम असेल आणि टाके टाळता येत नसतील, तर आधी जखमेत सिरम सोडायचं, थोडं थांबायचं आणि मग सैल टाके. हा क्रम उलटा होताना दिसला तर विचारायला संकोच करू नका.

सिरम

लस आणि सिरम यांतला फरक नीट समजला की पुढचं सगळं सोपं होतं. लस दिल्यावर शरीर स्वतःची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करायला लागतं, पण त्याला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. तेवढे दिवस जखमेतल्या विषाणूला मोकळं रान. सिरममध्ये तयार प्रतिपिंडं असतात. ती थेट जखमेत सोडली की विषाणू मज्जातंतूत शिरण्याआधीच तिथल्या तिथे अडवला जातो. तिसऱ्या वर्गाच्या जखमेत फक्त लस देऊन सिरम टाळणं म्हणजे हा मधला आठवडा उघडा ठेवणं. घोटाळे होतात ते बहुतेक इथेच.

सिरम वजनावर ठरतं. माणसाच्या रक्तापासून केलेलं असेल तर किलोमागे जास्तीत जास्त २० युनिट, घोड्याच्या रक्तापासून केलेलं असेल तर ४०. म्हणजे १५ किलोच्या मुलाला पहिलं ३०० युनिट किंवा दुसरं ६०० युनिट. आता काही ठिकाणी याऐवजी मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडं, देतात. तिचं मोजमाप वेगळं असतं, ते उत्पादनाप्रमाणे डॉक्टर बघतात.

हे सिरम दंडात किंवा कुल्ल्यात देऊन मोकळं व्हायचं नसतं. प्रत्येक जखमेच्या आत आणि भोवती बारीक सुईने ते भरायचं असतं, अगदी बुजलेल्या ठिपक्यातही. जखमा अनेक असतील आणि औषध कमी पडत असेल तर सलाइन मिसळून वाढवतात, पण एकही जखम कोरडी सोडत नाहीत. बोटात जागा कमी असते, तिथे फार दाब येऊ न देता मावेल तेवढंच देतात.

हे दुखतं. खोटं सांगण्यात अर्थ नाही, मुलालाही सांगू नका. भाच्याने विचारलं, "मावशी, चावलंय तिथेच परत टोचणार?" मी "हो" म्हटलं. मग तो रडला, पण हात त्याने माझ्या हातात दिला. एकाने मूल मांडीवर घट्ट धरायचं, दुसऱ्याने हात स्थिर ठेवायचा. दोन मोठी माणसं सोबत असलेली बरी.

घोड्याच्या सिरमची अनेकांना धास्ती असते. पूर्वीची सिरम तितकी शुद्ध नसायची, आताची बरीच शुद्ध केलेली असतात. तीव्र ॲलर्जी विरळाच येते, पण तिची औषधं हाताशी असतील अशाच ठिकाणी सिरम घ्यावं आणि नंतर तासभर तिथेच थांबावं. आठवडाभराने अंगावर गांधी उठल्या, सांधे दुखले, ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. त्यामुळे लसीचे पुढचे डोस थांबवायचे नसतात.

पहिल्या दिवशी सिरम मिळालं नाही तर लस सुरू करा आणि सिरमचा शोध चालू ठेवा. लसीच्या पहिल्या डोसपासून ७ दिवसांपर्यंत ते देता येतं. त्यानंतर मात्र नाही, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं येऊ लागलेली असतात.

लसीच्या तारखा

पोटातली चौदा इंजेक्शनं विसरा. ती जनावरांच्या मेंदूच्या ऊतींपासून केलेल्या जुन्या लसीची गोष्ट होती. आताच्या लसी पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून करतात, विषाणू मेलेला असतो आणि लसीमुळे रेबीज होऊ शकत नाही.

लस देण्याच्या पद्धती दोन. स्नायूत द्यायची असेल तर नेहमीचं वेळापत्रक ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी, असं पाच डोसांचं; काही ठिकाणी चार डोसांचं वापरतात. कातडीत द्यायची असेल तर दर वेळी दोन जागी ०.१ मिलीलीटर, आणि दिवस ०, ३, ७, २८. काही देशांत पहिल्या आठवड्यातच ती पूर्ण करतात. दोन्ही पद्धती सारख्याच भरवशाच्या. तुमच्या डॉक्टरांनी जी सुरू केली ती पुरी करा.

'० दिवस' म्हणजे पहिल्या डोसचा दिवस, चावल्याचा नव्हे. पहिला डोस १० जूनला झाला तर पुढचे १३, १७, २४ जून आणि ८ जुलै. कातडीतल्या पद्धतीत २४ जून गळेल. या तारखा त्याच दिवशी मोबाइलमध्ये गजरासकट टाका. तिसऱ्या डोसपर्यंत सगळे उत्साहात असतात, गळती त्यानंतर लागते. एखादी तारीख चुकलीच तर पहिल्यापासून सुरू करायचं नाही. लक्षात येताच राहिलेला डोस घ्यायचा आणि पुढच्या तारखा तेवढ्या पुढे सरकवायच्या. गाव बदललं तरी दुसरीकडे पुढचा डोस घेता येतो, फक्त आधीचा कागद जवळ हवा.

लसीचा डोस वजनावर नसतो. मुलाला मोठ्यांएवढाच लागतो. 'लहान आहे, अर्धी द्या' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. स्नायूतली लस दंडावर, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मांडीच्या बाहेरच्या पुढच्या भागात. कुल्ल्यावर कधीही नाही, तिथल्या चरबीत लसीचा परिणाम कमी होतो. टोचल्या जागी लाली, दुखणं, थोडा ताप येतो आणि जातो. पथ्य काही नाही. आंघोळ, शाळा, खेळ सगळं चालतं. शरीरात विषाणू दडलेला असेल तरी अशा मुलापासून घरातल्या किंवा शाळेतल्या कुणाला धोका नसतो.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. माणसाच्या रक्तापासूनचं सिरम दिलं असेल तर गोवर किंवा एमएमआरची (गोवर, गालगुंड, रुबेला) लस काही महिने पुढे ढकलावी लागते. बाळाचं नेहमीचं लसीकरण चालू असेल तर बालरोगतज्ज्ञांना सिरमचा कागद दाखवा.

मांजराचं काय

चावल्यापासून १० दिवस मांजरावर नजर ठेवायची, हा नियम बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो, पण अर्धाच. विषाणू मांजराच्या लाळेत येतो तो लक्षणं दिसण्याच्या थोडे दिवस आधी, आणि लक्षणं आल्यावर मांजर लवकरच मरतं. म्हणून चावल्यानंतर दहा दिवस ते धडधाकट राहिलं, तर चावताना लाळेत विषाणू नव्हता असं खात्रीने म्हणता येतं. हा नियम फक्त कुत्रा, मांजर आणि फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) यांनाच लागू. माकड, कोल्हा किंवा वटवाघूळ यांना नाही. राहिलेला अर्धा भाग असा, की दहा दिवस मुलाचे उपचार थांबवून ठेवायचे नसतात. उपचार आजच सुरू करायचे. मांजर दहाव्या दिवशी ठणठणीत असलं तर पुढचे डोस थांबवायचे का, हे डॉक्टर ठरवतात.

आणि मांजर चावतानाच आजारी असेल तर तेवढीही सवलत उरत नाही. आजारी मांजराला इतर पुष्कळ दुखणी असू शकतात: विषबाधा, तोंडातलं गळू, विषाणूचा दुसरा ताप. पण एरवी गरीब असलेलं मांजर अचानक अंगावर येतं, अंधारात दडून बसतं, आवाज बदलतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, मागचे पाय ओढत चालतं, यातलं काही दिसलं तर ते रेबीजचं आहे असंच धरा. जिवंत मांजराचं रक्त तपासून रेबीज नाही असं सांगता येत नाही. मांजराला लस दिलेली आहे, हे ऐकून धोका कमी वाटेल, पण आजारी मांजराच्या बाबतीत तेवढ्यावर थांबू नका.

त्याला स्वतः पकडू नका, मारू नका. कोपऱ्यात किंवा खोलीत असेल तर दार बंद करा आणि पशुवैद्यांना बोलवा. मेलं तर तपासणी मेंदूची होते, म्हणून डोकं शाबूत राहायला हवं. मृत जनावराला उघड्या हातांनी शिवू नका, पुरून टाकण्याआधी पशुवैद्यांना विचारा. आमचं मांजर तिसऱ्या दिवशी मेलेलं सापडलं, आणि आम्हाला कळेपर्यंत कुणीतरी ते पुरूनही टाकलं होतं. तपासणी राहिली. मग प्रश्नच नव्हता, सगळे डोस पुरे केले.

त्या मांजराला आणखी कुणी कुणी हाताळलं, हेही विचारा. शेजारच्या एका मुलीने त्याच्या तोंडात चमच्याने औषध घालायचा प्रयत्न केला होता आणि तिच्या बोटावर ओरखडा होता. तिच्या आईला सांगायला अवघड वाटलं, पण सांगितलं. घरातल्या कुत्र्याशी किंवा दुसऱ्या मांजराशी त्याची झटापट झाली असेल तर त्यांनाही पशुवैद्यांकडे न्या.

पहिल्या दोन दिवसांतला दुसरा धोका

रेबीजच्या काळजीत हे राहून जातं. मांजराच्या तोंडातले जिवाणू त्या खोल भोकात अडकतात आणि बारा ते चोवीस तासांत जखम पिकायला लागते. हातावरचा चावा, त्यातही सांध्याजवळचा, लवकर बिघडतो. लाली पसरत चालली, जागा गरम लागली, लाल रेघ वर चढताना दिसली, बोट वाकवता येईना किंवा ताप आला, तर पुढच्या डोसची वाट न पाहता त्याच वेळी दाखवा. हातावरच्या खोल चाव्यासाठी पुष्कळदा सुरुवातीपासूनच प्रतिजैविकं देतात. दिली तर कोर्स पुरा करा. लाली कुठवर आहे ते पेनाने कातडीवर आखून ठेवलं तर ती वाढली की उतरली हे सकाळी नेमकं कळतं. भाच्याला ही आखणी भारी आवडली, आठवडाभर तो वर्गात दाखवत होता.

उशीर झाला असेल तर

चावून आठवडा झाला, महिना झाला, मूल आता सांगतंय. तरीही जा. मुलाला लक्षणं नाहीत तोवर उपचार सुरू करता येतात, आणि पूर्वी लस घेतलेली नसेल तर आजच चावल्याप्रमाणे वर्ग ठरवून लस आणि सिरम दोन्ही देतात. 'आता उपयोग नाही' हे कुणाकडून ऐकून घरी बसू नका.

चावलेल्या जागी मुंग्या येणं, कारण नसताना ताप, पाणी पिताना घशात पेटके, वाऱ्याच्या झुळकेने दचकणं, यातलं काही दिसलं तर त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्या.

शेवटचा डोस झाल्यावर कागद फेकू नका. पूर्ण लस झालेल्या मुलाला पुन्हा जनावर चावलं तर जखम तशीच पंधरा मिनिटं धुवायची असते, पण लसीचे दोनच डोस लागतात, ० आणि ३ या दिवशी, आणि सिरम लागत नाही. तो कागद दाखवता आला नाही तर सगळं पहिल्यापासून करावं लागू शकतं. भाच्याच्या कागदाचा फोटो बहिणीच्या मोबाइलमध्ये आहे, माझ्याही आहे, आणि मूळ कागद त्याच्या जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये.